सुपरहिरोंची फौज पडद्यावर येते तेव्हा काय बघायचं?

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. पोरगं अकरावीत आहे. मित्रांबरोबर सुपरहिरोंचा नवा पिक्चर बघून नुकतंच थेटरातून बाहेर पडलं होतं, मागं गाड्यांचा गोंगाट ऐकू येत होता. "मामा, लय भारी पिक्चर! कॉलेजच्या भित्तिपत्रकात परीक्षण लिहायचंय मला, पण 'लय भारी'च्या पुढं गाडीच सरकंना. पाचपैकी किती देऊ, सांग की."

तारे शेवटी देऊ, म्हटलं. आधी सांग, हिरो किती होते? "सात." त्यातला एक उचलून बाजूला ठेवला, तर गोष्ट कुठं अडते? पलीकडं बराच वेळ काहीच आवाज नाही. मग, "थांब, विचार करून सांगतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रंकाळ्यावर फिरता फिरता आम्ही याच प्रश्नावर दोन तास बोललो. ते सगळं इथं जरा नीट लावून लिहितोय. असे पिक्चर बघून बाहेर पडणारी पोरं आणि त्यांना घेऊन जाणारे आईबाप मला सारखे भेटतात. 'आवडला' किंवा 'डोकं दुखलं' यापलीकडं त्यांना बरंच जाणवलेलं असतं, फक्त ते कुठून पकडायचं हे कोणी सांगितलेलं नसतं.

आधी हिशेब मांडू. पिक्चर अडीच तासांचा, म्हणजे १५० मिनिटं. शेवटची मोठी लढाई साधारण ३५ मिनिटं खाते. खलनायक कोण, त्याला काय हवंय, हे सांगायला १५ मिनिटं तरी लागतात. राहिली १०० मिनिटं. हिरो सात. सरळ वाटणी केली तर एकेकाच्या वाट्याला चौदा-साडेचौदा मिनिटं येतात. तेवढ्यात त्या माणसानं आपल्यासमोर यायचं, त्याचं दुःख कळायचं, बाकीच्यांशी भांडण व्हायचं, समेट व्हायचा, आणि शेवटी त्यानं बदलायचंही! एका हिरोच्या पिक्चरला यासाठी दोन तास मिळतात. चार भावांत दोन एकर वाटायची वेळ आलेल्या घरात जे होतं, तेच इथं लेखकाच्या टेबलावर होतं. म्हणून असा पिक्चर बघताना मी सगळ्यात आधी बघतो की ही वाटणी कशी केलीय. खर्च किती झाला, इमारती किती पडल्या, हे नंतर.

वाटणीच्या अडचणीवर कसलेल्या लेखकांनी दोन वाटा काढल्यात. पहिली म्हणजे टोळी फोडायची. सात जणांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत वेगवेगळ्या ठिकाणी पाठवायचं, म्हणजे एका प्रसंगात दोघांचीही ओळख पुढं सरकते. २०१८ च्या 'अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'मध्ये हेच केलंय. कोणी अंतराळात, कोणी पृथ्वीवर, आणि सगळे एका चौकटीत असे कधीच येत नाहीत. दुसरी वाट जास्त धाडसाची. हिरोंचे जुने पिक्चर लोकांनी पाहिलेत, मग नव्या पिक्चरचा मोठा वाटा खलनायकालाच देऊन टाकायचा. त्याच पिक्चरमध्ये पडद्यावर सगळ्यात जास्त वेळ थॅनॉसला मिळाला, आणि गोष्ट त्याच्याच प्रवासाची झाली. त्यामुळं वीसेक हिरो असूनही ती विस्कटली नाही. परीक्षण लिहिणाऱ्यानं अशी रचना ओळखून वाचकाला दाखवली, की त्याचं निम्मं काम झालं.

पण मुळात इतक्या जणांना एकत्र आणायचंच कशाला? कारण व्यापारी आहे, आणि ते स्वच्छ सांगावं. अमेरिकेत १९४० साली वेगवेगळ्या कॉमिक्समधले नायक एकाच अंकात आणून 'जस्टिस सोसायटी' नावाची टोळी उभी केली गेली. एका नायकाचा वाचक दुसऱ्याचंही पुस्तक विकत घेईल, हा त्यातला साधा हिशेब. पुढं १९६० मध्ये 'जस्टिस लीग' आली आणि १९६३ मध्ये स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी 'अव्हेंजर्स' सुरू केलं. सिनेमात हे यायला फार वर्षं लागली, आणि त्यामागं अडचणीतून निघालेली वाट आहे. 'अव्हेंजर्स' काढणारी मार्व्हल कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या काळात तिच्या सगळ्यात लोकप्रिय नायकांचे चित्रपट हक्क दुसऱ्यांच्या हातात गेले. स्पायडरमॅन सोनीकडं, एक्स-मेन फॉक्सकडं. पुढं स्वतः पिक्चर काढायचं ठरवल्यावर हाताशी उरले होते आयर्न मॅन, थॉर, कॅप्टन अमेरिका असे त्या मानानं मागच्या बाकावरचे नायक. त्यांचे २००८ पासून एकेक पिक्चर काढले, शेवटच्या नावांनंतर एखादा छोटा प्रसंग टाकून पुढच्या भेटीची आशा लावली, आणि पाच पिक्चरनंतर २०१२ मध्ये सगळ्यांना एकत्र आणलं. एकटा पुरेल असा मोठा तारा हाताशी नव्हता, म्हणून मोट बांधली. आज ती पद्धत जगभर चालते.

दोन मोठ्यांना एकत्र बघायची भूक मात्र अमेरिकेनं शोधलेली नाही. आपल्या कोल्हापूरच्या माणसाला हे सांगताना मला खरंच आनंद होतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व आणि आपले केशवराव भोसले, दोन वेगळ्या, एकमेकांच्या चढाओढीतल्या नाटक कंपन्यांचे मालक-नट, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्या प्रयोगाच्या आठवणी महाराष्ट्रानं शंभर वर्षं जपल्या. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले, म्हणून त्या रात्रीला आणखीच मोल आलं.

भाच्याला मी विचारलं, तो प्रयोग नुसता दोन नावांवर चालला असेल का? खाडिलकरांच्या त्या नाटकात श्रीमंत भामिनी गरीब सैनिक धैर्यधराचा अपमान करते आणि तिथून मानापमानाचा सामना उभा राहतो. दोन नटांमधली चढाओढ बसायला नाटकात आधीच जागा होती. कोण वरचढ, हा प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न आणि गोष्टीतला प्रश्न एकमेकांत मिसळून गेले. सुपरहिरोंच्या पिक्चरमध्ये दोन नायक पहिल्यांदा भेटतात आणि गैरसमजातून हाणामारी करतात, तो प्रसंग याच कसोटीवर घासून बघावा. त्यांच्यात खरा मतभेद आहे, की दोघांची मारामारी बघायला लोक आलेत म्हणून लावून दिलीय? मतभेद खरा असेल तर मारामारी संपली तरी तो उरतो आणि पुढं कुठंतरी किंमत मागतो. नसेल तर पाच मिनिटांत हातात हात, आणि मागचं सगळं विसरलेलं.

आता एकाला काढून बघायच्या त्या प्रश्नाकडं परत येतो. तो मी कुठल्या पुस्तकातून घेतला नाही. खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांचं स्मारक म्हणून कॅमेरा उभा आहे. तिथून येताजाता मला प्रभात कंपनी आठवते. १ जून १९२९ ला कोल्हापुरात पाच जणांनी ती काढली. त्यातले चौघे पेंटरांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. शांताराम दिग्दर्शन बघायचे. फत्तेलाल कलेची बाजू सांभाळायचे. धायबरांकडं कॅमेरा होता, आणि बोलपट आल्यावर दामल्यांनी ध्वनी हातात घेतला. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी पैशाची बाजू बघायचे. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' उभा राहिला तो यामुळं. यातल्या कुणाचंही नाव खोडा, कंपनी तिथंच अडकते. मी टोळी म्हणतो ती हिला. एकाला येतं ते दुसऱ्याला येत नाही, आणि कामाला दोघंही लागतात.

पडद्यावरची टोळी अशी बांधणं अवघड असतं, कारण ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकजण देव, वीज पाडतो. दुसरा साधा धनुर्धारी, भात्यातले बाण संपले की संपलं. दोघं एकाच शत्रूला ठोसे मारत असतील तर धनुर्धारी तिथं कशाला? २०१२ च्या 'अव्हेंजर्स'मध्ये याचं उत्तर एका छोट्या प्रसंगात आहे आणि मला तो अजून आवडतो. शहरावर हल्ला झालाय, आणि कॅप्टन अमेरिका भर रस्त्यात उभा राहून कामं वाटतो. धनुर्धाऱ्यानं उंच गच्चीवर बसून नजर ठेवायची. उडणाऱ्यानं शत्रूला ठराविक हद्दीबाहेर जाऊ द्यायचं नाही. विजेच्या देवानं वरचं भगदाड रोखायचं. आणि हल्कनं फक्त तोडफोड करायची. अर्ध्या मिनिटात सहा जणांना सहा जागा मिळतात, आणि पुढची अख्खी लढाई आपल्याला समजते. थोड्या वेळानं कॅमेरा एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं न थांबता फिरतो. संगणकावर जोडून केलेला तो एकसंध शॉट नुसती करामत म्हणून ठेवलेला नाही. आता ही माणसं एकत्र काम करतायत, हे तो शब्दाशिवाय सांगतो.

याच्या उलट काय होतं, याचा इतका स्वच्छ पुरावा सिनेमाच्या इतिहासात क्वचित मिळतो. २०१७ चा 'जस्टिस लीग' घ्या. दिग्दर्शक झॅक स्नायडर कौटुंबिक दुःखामुळं मधेच बाजूला झाले आणि जॉस व्हेडन यांनी बरंच चित्रण नव्यानं केलं. सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलनं तेव्हा दुसऱ्या पिक्चरसाठी मिशा राखल्या होत्या. त्या काढता येईनात, म्हणून संगणकावर पुसल्या आणि ओठ विचित्र दिसायला लागला. लोक अजून त्या ओठावरच बोलतात. मला त्याहून मोठी गोष्ट वेगळी वाटते. पिक्चर दोन तासांचा झाला आणि त्यात सायबॉर्ग नावाच्या तरुणाची गोष्ट जवळजवळ कापली गेली. तो असून नसल्यासारखा. मग २०२१ मध्ये स्नायडर यांची स्वतःची चार तासांची आवृत्ती आली. नट तेच, कथा तीच, बरंचसं चित्रणही पूर्वीचंच. पण इथं सायबॉर्ग आणि त्याच्या वडिलांचं नातं पिक्चरच्या मध्यभागी आहे. पहिल्या आवृत्तीतून त्याला उचलला तर फारसं काही हलत नाही, दुसरीतून उचलला तर पिक्चर कोसळतो. चार तास लांबच आहेत, आणि ती आवृत्ती सगळीकडं चांगली आहे असंही मी म्हणणार नाही. पण संकलन म्हणजे काय, हे पोरांना समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

लढाईबद्दल. आमच्याकडं खासबाग मैदान आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं, बशीसारखं खोल, मध्ये आखाडा, आणि कुठंही बसा, मधे खांब नाही, कुस्ती पूर्ण दिसते. (शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं, ती बातमी ऐकल्यावर या शहरात कित्येकांना जेवण गेलं नव्हतं.) खासबागेत बसलेल्या माणसाला कुस्ती का समजते? कोण कुठं उभा आहे, कुणाचा हात कुणाच्या पटात गेलाय, हे सतत दिसत असतं म्हणून. पिक्चरमधल्या लढाईला हाच प्रश्न विचारावा. आपला माणूस कुठं आहे, शत्रू कुठून येतोय, वाचवायचे लोक कुठं अडकलेत, हे मला आत्ता माहीत आहे का? दर सेकंदाला शॉट बदलत असेल आणि नुसत्या ठिणग्या-धूळ दिसत असेल, तर आवाज कितीही मोठा असू दे, मन हळूहळू सुन्न होतं. भाचा म्हणाला, "शेवटची वीस मिनिटं मी मोबाईल काढला होता. मला वाटलं, मीच दमलो." तू दमला नव्हतास, म्हटलं. हे वाक्य परीक्षणात घाल. प्रामाणिक परीक्षणात असलीच वाक्यं लागतात.

संगणकावरच्या दृश्यांबद्दल लोक फार ढोबळ बोलतात. 'व्हीएफएक्स भारी' किंवा 'व्हीएफएक्स फालतू'. मोठ्या टोळीपटात असे शॉट अडीच हजारांच्या वर जातात, म्हणजे जवळजवळ अख्खा पिक्चर. नट निळ्या किंवा हिरव्या पडद्यापुढं उभा राहतो. नंतर तो रंग काढून तिथं शहर बसवतात. लढाया तर चित्रणाच्या कितीतरी आधी कच्च्या ॲनिमेशनमध्ये करून ठेवलेल्या असतात, त्यामुळं वेगवेगळ्या दिग्दर्शकांच्या लढाया कधीकधी एकसारख्या दिसतात. बघताना तीन ठिकाणी डोळा ठेवावा. चेहऱ्यावरचा उजेड मागच्या आकाशाशी जुळतो का? राक्षस जमिनीवर पाय टाकतो तेव्हा त्याचं वजन जाणवतं का, की फुगा टेकल्यासारखा टेकतो? आणि माणूस हवेतून पडतो तेव्हा वेग बरोबर वाटतो का? हे जमलं नसेल तर त्याचा दोष कारागिरांवर टाकायची घाई करू नये. शेवटच्या आठवड्यांपर्यंत कथा बदलत राहिली, की शेकडो शॉट पुन्हा करावे लागतात आणि वेळ तेवढाच असतो. दृश्य कच्चं दिसलं तर बऱ्याचदा निर्णय कच्चा असतो.

आणि खर्चाचं म्हणाल, तर १९२० मध्ये बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरला तो कापायला लावावा लागला. तेव्हा कॅमेराही पेंटरांनी स्वतः घडवलेला होता. द्रौपदीवर काय गुदरलंय हे बघणाऱ्याला ठाऊक होतं, त्यामुळं भीमाच्या हाताला वजन आलं.

ताईची गोष्ट सांगायलाच हवी. माझी बहीण, या भाच्याची आई. तिनं यातला एकही पिक्चर पाहिलेला नव्हता. २०१२ चा 'अव्हेंजर्स' आम्ही घरी तिच्यासोबत हिंदीतून बघितला. पहिला तासभर ती विचारत होती, हा कोण, याचं त्याच्याशी वैर काय. भाचा वैतागत होता, मी तिचे प्रश्न मनात टिपत होतो. कारण तिला प्रश्न पडतो त्या जागी पिक्चर स्वतःच्या पायावर उभा नसतो, मागच्या पिक्चरच्या खांद्यावर बसलेला असतो. पुढं ती प्रश्न विचारायची थांबली. कामं वाटून दिल्याच्या प्रसंगाला म्हणाली, "लग्नघरात मोठी वहिनी अशीच कामं लावून देते." तिथून तिला पिक्चर पूर्ण कळला. आधीचं काही न पाहिलेला एक माणूस शेजारी असावा, तो फार काही शिकवतो.

अर्थात आधीचं पाहिलेल्या माणसाचा आनंदही खोटा नाही. २०१५ च्या 'अव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये एका मेजवानीत बरेच जण थॉरचा हातोडा उचलून बघतात आणि कॅप्टन अमेरिकाच्या हाताला तो किंचित हलतो. चार वर्षांनी 'एंडगेम'मध्ये तो पूर्ण उचलला जातो. त्या क्षणाची शिट्टी चार वर्षं पोटात ठेवलेली असते, ती वाजलीच पाहिजे. पण एखादा जुना चेहरा दारातून आत येतो म्हणून वाजलेली शिट्टी आणि ही शिट्टी, दोन्हींचा आवाज सारखा असला तरी पिक्चरनं कमावलेली दुसरी. परीक्षणात लिहायचं असेल तर कुठल्या जागी कुठली वाजली ते लिहावं.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच बघितलेल्या माणसाला चाहतेपण समजावून सांगायची गरज नाही. मार्व्हल आणि 'जस्टिस लीग'वाली डीसी कंपनी, दोन्हीकडचे चाहते तसेच पेठेच्या अभिमानानं भांडतात. मला ते मनापासून आवडतं. फक्त लिहिताना गॅलरीतून खाली यावं लागतं, कारण आपल्या तालमीच्या खेळाडूनं चुकीचा पास दिला हेही लिहायचं असतं. तसंच गल्ल्याचं. थेटरवाल्यांचा वाटा ढोबळमानानं निम्मा धरला, तर पिक्चरला खर्चाच्या दुपटीहून जास्त जमवावं लागतं, जाहिरातीचा खर्च वेगळा. २०१२ च्या 'अव्हेंजर्स'नं जगभर सुमारे दीड अब्ज डॉलर कमावले. ही माहिती व्यापाराच्या पानावर शोभते, पिक्चर चांगला की वाईट हे त्यातून कळत नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. कुठं आणि कुठल्या रूपात बघितला ते लिहायचं. थ्रीडी चष्म्यानं पडद्याचा उजेड बराच कमी होतो, आणि असे पुष्कळ पिक्चर चित्रित होतात साध्या पद्धतीनं, थ्रीडी नंतर बनवतात. एका थेटरात प्रोजेक्टरचा उजेडच मंद होता आणि रात्रीची अख्खी लढाई मी अंदाजानं बघितली. मग त्याबद्दल दिग्दर्शकाला कसा बोल लावू? हिंदी डबिंगमध्ये विनोद बदलतात, कधी जास्त चांगले होतात. तेही नोंदवावं.

बुधवारी भाच्यानं लिहिलेलं पान आणून दाखवलं. तारे अजून दिले नव्हते. वरती मोठ्या अक्षरात सात नावं, त्यातल्या दोघांवर काट. "हे दोघं काढले तरी चालतंय, मामा. दोनदा विचार केला." मग तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. "ही बाई सगळ्यात कमी वेळ दिसते. पोस्टरवर तर पार कोपऱ्यात आहे. पण हिला काढलं की मध्यंतरानंतरचा पिक्चर सुरूच होत नाही. मी हिच्यापासून सुरुवात करणार आहे."